अरबी मुलांच्या अंगावरची चांदी



व्याख्यानमालेच्या चिटणिसांना मी विषय कळवला तेव्हा त्यांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. पंचवीस-तीस वर्षे कामगार संघटनेत घालवलेला माणूस बोनस, महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत यांवर बोलेल अशी त्यांची अपेक्षा असणार, आणि ती रास्तच आहे. अरबस्तानातील लहान मुलग्यांच्या अंगावरची चांदी हा विषय अशा माणसाला सुचावा तरी कसा? मी विद्वान नाही. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीतील एका कपाटातून आणि सार्वजनिक वाचनालयातून. अरबी भाषा मला येत नाही. तेव्हा आज मी सांगणार आहे तो एका कामगाराने कामगाराच्या नजरेने वाचलेला इतिहास, एवढेच समजून चालावे.

विषय सुचला तो असा. रत्नागिरीकडचा एक वेल्डर मस्कतहून परत आला होता. तिकडच्या कंत्राटदाराने त्याचा तीन महिन्यांचा पगार बुडवला होता आणि त्याचे अर्ज लिहून देण्याच्या निमित्ताने तो आमच्या कचेरीत येत असे. एके दिवशी त्याने रुमालात बांधलेली एक वस्तू माझ्या टेबलावर ठेवली. तो चांदीचा लहानसा वाळा होता. आतून पोकळ, हलवला की खुळखुळ वाजणारा, कडेला घुंगरांची ओळ आणि तीतील दोन घुंगरे गळालेली. मस्कतला लागून असलेल्या मत्राहच्या जुन्या बाजारात त्याने तो नातवासाठी घेतला होता. "मुलग्याचा आहे, म्हणाला दुकानदार. काट्यावर टाकला, वजन केलं, पैसे घेतले. कुणी घडवला म्हणून विचारलं, तर नुसता हसला."

पगार पुढे निम्माशिम्मा वसूल झाला. पण त्या दुकानदाराचे हसणे माझ्या मनातून गेले नाही. वस्तू समोर आहे, वजन ठाऊक आहे, भाव ठाऊक आहे, आणि घडवणारा कोण हा प्रश्नच हास्यास्पद! आमच्या चळवळीचा जन्म ज्या प्रश्नातून झाला तोच हा प्रश्न, एवढ्याशा वाळ्याच्या रूपाने टेबलावर येऊन बसला होता. म्हणून मी या वाळ्याच्या मागे लागलो.

पहिला प्रश्न असा की, मुलाच्या अंगावर चांदीच का? सोने का नाही? याचे उत्तर धर्मशास्त्रात आहे. सोने आणि रेशीम हे स्त्रियांना चालते, पुरुषांना वर्ज्य, असे प्रेषित महंमदांचे वचन मुसलमान समाजात सर्वमान्य आहे. स्वतः प्रेषितांची मुद्रेची अंगठी चांदीची होती. पुरुषाने चांदीची अंगठी घालावी, तलवारीच्या मुठीला चांदी लावावी, याला शास्त्राची मुभा आहे. लहान मुलगा अजून पुरुष नाही, मग त्याला सोने घालावे की नाही, यावर शास्त्री लोकांत मतभेद झाले. पण सामान्य माणसाने वादात न शिरता सरळ चांदी पसंत केली. तीत धर्माचीही अडचण नव्हती आणि खिशाचीही नव्हती.

किंबहुना अरबी मुलाचा चांदीशी संबंध जन्मापासून सातव्या दिवशीच जुळतो. त्या दिवशी बाळाचे जावळ काढतात आणि त्या केसांच्या भारोभार चांदी गरिबांना दान करावी असा संकेत आहे. बाळाचे केस ते किती आणि त्यांचे वजन ते किती! परंतु मला ही चाल फार अर्थपूर्ण वाटते. बाळाच्या नावाने घरातून निघणारी पहिली चांदी त्याच्या अंगावर चढत नाही, ती गरिबाच्या हाती जाते. त्यानंतर मग त्याच्या स्वतःच्या वाट्याची चांदी येते.

ही चांदी कोणती? हातात आणि पायांत घुंगरांची कडी व वाळे. अरबीत पायातल्या वाळ्यास खलखाल म्हणतात, आणि शब्द उच्चारताच त्याचा आवाज ऐकू येतो. गळ्यात किंवा काखेखालून बांधलेली चांदीची डबी, तिच्यात कुराणातील आयत लिहिलेला कागद. ओमानात या डबीला हिर्झ म्हणतात, म्हणजे राखण. आपण मराठीत ज्याला ताईत म्हणतो तो शब्द मुळात 'तावीज' या अरबी शब्दावरूनच आपल्याकडे आला आहे. याखेरीज टोपीला टाकलेली नाणी आणि निळे मणी, चांदीत बसवलेला रानटी जनावराचा दात किंवा नख, अक्षरे आणि तारे कोरलेल्या चकत्या. आपल्या घरातील वाळे, मनगट्या, वाघनख, करगोटा आणि गालावरची तीट डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हे परके वाटणार नाही. आई सगळीकडे सारखीच असते, आणि तिचे भयही सारखेच असते.

या भयाविषयी दोन-तीन अभ्यासकांनी फार चांगली माहिती नोंदवून ठेवली आहे. एडवर्ड लेन हा इंग्रज गृहस्थ १८३३ ते १८३५ या काळात कैरो शहरात तिथल्या लोकांसारखा पोशाख करून राहिला आणि १८३६ साली त्याने मिसरी लोकांच्या चालीरीतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. तो सांगतो की, सधन घरची आई स्वतः भरजरी वस्त्रे लेऊन बाहेर पडते, पण तिच्या हाताशी असलेले मूल न्हाऊ न घातलेले, मळक्या कपड्यांतले असते, आणि त्यातही मुलग्याच्या बाबतीत हे अधिक. कारण मुलगा सर्वांना हवासा, म्हणून दृष्ट लागण्याचे भय त्यालाच जास्त. कैरोतील पुष्कळ लहान मुलांच्या पायांत त्याने घुंगरे पाहिली. सुंता करण्यापूर्वी पाच-सहा वर्षांच्या मुलाची घोड्यावरून मिरवणूक निघे, तेव्हा डोक्यावर तांबडे काश्मिरी पागोटे असे, पण बाकीचा सारा वेष मुलीचा आणि दागिने बायकांचे! तोंडापुढे भरतकामाचा रुमाल धरलेला. वाईट नजर आलीच तर ती दागिन्यांवर पडावी, मुलावर पडू नये, असा हिशेब. म्हणजे हे दागिने मुलाला सजवण्यासाठी नव्हते. ते एक प्रकारचे चिलखत होते, आणि चिलखताचे काम घाव स्वतःवर घेणे हेच असते.

पॅलेस्टाइनमध्ये तौफिक कनान नावाचे एक अरब डॉक्टर होऊन गेले (१८८२–१९६४). ते आधुनिक वैद्यकशास्त्र शिकलेले होते. तरीही आजाऱ्यांच्या अंगावरचे ताईत त्यांनी हसण्यावारी नेले नाहीत. रोग्याला कसली भीती वाटते, कशाचा आधार वाटतो, हे समजून घेण्यासाठी त्यांनी जन्मभर ताईत गोळा केले. त्यांच्या संग्रहात चौदाशेहून अधिक वस्तू आहेत आणि तो आज बिरझेत विद्यापीठात आहे. त्याच मुलखात, बेथलेहेमजवळच्या अर्तास या खेड्यात, हिल्मा ग्रानक्विस्ट ही फिनलंडची विदुषी १९२५ ते १९३१ या काळात बायकांमध्ये राहिली आणि जन्म व बालपण या विषयावर तिने १९४७ साली ग्रंथ लिहिला. या दोघांच्या कामातून मला एक गोष्ट उमगली. ज्याला आपण चटकन अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो, तिच्यामागे पुष्कळदा एक साधी वस्तुस्थिती असते. मुले मरत होती.

अरबी मुलखात पुष्कळ ठिकाणी 'उम्म अस्-सिब्यान' या जिनणीची भीती असे. नावाचा अर्थ 'मुलांची आई', आणि काम मात्र मुले नेण्याचे! सुलेमान पैगंबराने तिला पकडून तिच्याकडून सात करार लिहून घेतले, आणि ते करार ज्याच्या अंगावर असतील त्याला ती शिवणार नाही, अशी कथा आहे. ते सात करार कागदावर लिहून चांदीच्या डबीत घालून मुलाच्या गळ्यात बांधीत. मला, एका युनियनच्या माणसाला, ही कल्पना मोठी मनोरंजक वाटली. जिच्यापुढे आपली शक्ती चालत नाही तिच्याशीसुद्धा लेखी करार करावा, आणि तो सतत जवळ बाळगावा! करार मोडला जात होता, हे आईला ठाऊक होते. पण कराराशिवाय तिच्या हाती दुसरे काय होते?

धर्मशास्त्र्यांपैकी अनेकांना हे ताईत मुळीच मान्य नव्हते; रक्षण करणारा एक ईश्वर, चांदीची डबी नव्हे, असे ते बजावत आले. काहींनी केवळ कुराणवचन असेल तर चालेल, अशी सवलत दिली. वाद शतकानुशतके चालला आणि इकडे वाळे वाजतच राहिले. वाळ्याच्या आवाजाने जिन पळतात म्हणून तो घालायचा, आणि रांगते मूल विहिरीकडे तर गेले नाही ना, हे स्वयंपाक करणाऱ्या आईला कळावे म्हणूनही घालायचा. यांपैकी दुसरे कारण तर कोणत्याही शास्त्र्याने खोडून काढण्यासारखे नाही.

आता ही चांदी येई कोठून? हा भाग मी जरा विस्ताराने सांगणार आहे, कारण त्यात आपल्या मुंबईचा हात लागला आहे. गेल्या दोन-अडीचशे वर्षांत अरबस्तानातील चांदीच्या दागिन्यांचा मोठा कच्चा माल म्हणजे एक नाणे होते. ते ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसा या सम्राज्ञीचे. ती १७८० साली वारली. पण तिच्या मुखवट्याचे नाणे लाल समुद्राच्या दोन्ही काठांवर इतके विश्वासाचे झाले होते की, तिच्या मृत्यूनंतरही ते पाडत राहावे लागले, आणि साल बदलले तर लोक घेत नाहीत म्हणून साल कायम १७८० च ठेवावे लागले! वजन सुमारे २८ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ अडीच तोळे. हजारी ८३३ भाग चांदी. गिऱ्हाईक सम्राज्ञीच्या वस्त्रावरील जडावाचे मोती स्पष्ट उठले आहेत की नाहीत हे बारकाईने पाहून मगच नाणे स्वीकारी. अरबस्तानात त्याला 'फ्रान्सी' रियाल म्हणत. ऑस्ट्रिया कुठे आणि फ्रान्स कुठे, याच्याशी लोकांना कर्तव्य नव्हते, चांदीशी होते.

१९३५ साली मुसोलिनीने अबिसीनियावर स्वारी केली तेव्हा ऑस्ट्रियाकडून या नाण्याचे ठसे मिळवून त्याने ते रोममध्ये पाडायला सुरुवात केली. मग इंग्रजांनीही १९३६ पासून लंडनमध्ये तेच नाणे पाडले. पुढे दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेतील मोहिमेसाठी चांदीच्या नाण्यांची निकड लागली, तेव्हा १९४०-४१ साली आपल्या मुंबईच्या टाकसाळीत ही नाणी लक्षावधींनी पाडण्यात आली. विचार करा, एका मेलेल्या ऑस्ट्रियन राणीचे नाणे, दीडशेहून अधिक वर्षे जुने साल घालून, मुंबईच्या कोटात, आपल्याच गिरणगावातून-गिरगावातून कामाला जाणाऱ्या माणसांनी पाडले! मत्राहच्या बाजारातील एखाद्या वाळ्यात मुंबईच्या टाकसाळीतील मजुराचा घाम मिसळला नसेल, असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकेल काय?

नाण्याचा प्रवास असा होई. बाप खजूर, उंट किंवा सुकवलेली मासळी विकून नाणी आणी. ती सोनाराकडे जात. सोनार कोळशाच्या शेगडीवर भाता चालवून मुशीत नाणी वितळवी, पत्रा ठोकी, तार ओढी, रवे पाडी, उठावाची नक्षी काढी. आणि दागिन्याचे वजन नाण्यांच्या हिशेबात सांगे. घडणावळ वेगळी. दुष्काळ आला, आजारपण आले, की दागिना परत सोनाराकडे. तो पुन्हा मुशीत. म्हणजे मुलाच्या पायांतला वाळा हा घराच्या शिलकीचा एक भाग होता. ज्या मुलखात पेढी नाही, तिथे लेकराचा पाय हीच पेढी.

हे मी पुस्तकात वाचले, पण समजायला मला पुस्तकाची गरज नव्हती. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो आणि माझे वडील गिरणीत साच्यावर होते. संप लांबला. आधी आईची जोडवी गेली, मग घरातील तांब्या-पितळेची भांडी गेली, आणि शेवटी माझ्या धाकट्या भावाचे वाळे गेले. सराफाने ते काट्यावर टाकले. भाऊ तेव्हा दोन वर्षांचा होता. चाळीच्या जिन्यावरून तो उतरला तर कळायचे नाही, म्हणून आईने वाळ्यांच्या जागी त्याच्या पायांत काळ्या दोऱ्यात ओवलेले एक पितळी घुंगरू बांधले. माझी शाळा त्याच वर्षी सुटली. तेव्हा चांदीच्या वाळ्याचे अर्थशास्त्र मला अरबांकडून शिकावे लागले नाही. पण ते जगभर एकच आहे, हे मात्र अरबांनी मला शिकवले.

आता पुन्हा अरबस्तानाकडे वळू, आणि वेल्डरने दुकानदाराला विचारलेला प्रश्न आपण विचारू. हे घडवत कोण होते? ओमानात निझवा, रुस्ताक, बहला, सूर या गावांतून चांदीचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या होते. पण येमेनची हकीकत अधिक विलक्षण आहे. तेथे चांदीकाम हे मुख्यतः ज्यू कारागिरांच्या हाती होते. त्यांच्यातील बौसानी, बदिही अशा घराण्यांच्या नावाने कामाच्या तऱ्हाच ओळखल्या जात. काही कारागीर दागिन्यावर आपले नावही कोरीत.

कार्स्टन नीबुर या प्रवाशाचे नाव आपल्याला घारापुरीच्या लेण्यांमुळे परिचित असावे. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेल्या सहा जणांच्या तुकडीतला तो एकटाच जिवंत परतला. येमेनहून तो १७६३ साली मुंबईला आला आणि इथे असताना त्याने घारापुरीची मोजमापे व चित्रे केली. पुढे १७६५ साली तो मस्कतला गेला, तेव्हा तेथे बाराशे वाणी लोक राहत असल्याची नोंद त्याने केली. मुंबई, गुजरात आणि ओमान यांचा व्यवहार इतका जुना आहे. हाच नीबुर १७६३ मध्ये येमेनची राजधानी साना येथे गेला होता. तो लिहितो की, तिथल्या ज्यूंना शहरात राहायला मनाई असून त्यांची वस्ती तटाबाहेर वेगळी आहे. त्यांच्यात उत्तम सोनार आणि कुंभार आहेत, आणि ते दिवसा शहरातील आपल्या लहान दुकानांत येऊन काम करतात व संध्याकाळी वस्तीवर परत जातात.

ही वस्ती तटाबाहेर गेली कशी, याचीही एक कथा आहे. १६७९-८० साली इमामाने येमेनच्या बहुतेक ज्यूंना देशोधडीला लावून तिहामाच्या उष्ण पट्टीतील मौझा या ठिकाणी पाठवले. तेथे माणसे फार मेली. पण कारागीर गेले तसे भांडे, नांगराचा फाळ, दागिना, काहीच बनेना. म्हणून सुमारे वर्षभरात त्यांना परत बोलवावे लागले, असे सांगतात. परत बोलावले, पण घरे परत दिली नाहीत. तटाबाहेर जागा दाखवली. कामगाराची गरज आहे पण कामगार शेजारी नको, हा न्याय काही केवळ येमेनचा नव्हे.

याहूनही एक गोष्ट माझ्या मनाला चटका लावून गेली. येमेनच्या टोळ्यांतील मुलगा वयात येऊ लागला की कमरेला जंबिया बांधतो. जंबिया म्हणजे रुंद, वाकड्या पात्याची कट्यार. तिचे म्यान, तिचा पट्टा, पट्ट्यावरील डब्या यांवर चांदीचे काम. ती बांधली की मुलाची गणना पुरुषांत होऊ लागते. आणि ज्यूंना शस्त्र बाळगण्यास बंदी होती. जंबियाही त्यात आली. म्हणजे दुसऱ्याच्या मुलाला पुरुष करणारी चांदी जो हात घडवी, त्या हाताला स्वतःच्या मुलाच्या कमरेला ती बांधता येत नसे. गिरणीत धोतरे-लुगडी विणणाऱ्यांची पोरे उघडी फिरताना मी पाहिली आहेत. घरे बांधणारे पदपथावर निजतात हे आपण रोज पाहतो. तेव्हा हे दृश्य कोणाला अपरिचित वाटू नये.

१९४९-५० साली येमेनमधील सुमारे एकोणपन्नास हजार ज्यू विमानांनी इस्रायलला गेले. निघण्यापूर्वी त्यांनी आपली कला मुसलमान कारागिरांना शिकवावी, अशी अट इमामाने घातली होती असे सांगतात. काही शिकवली गेली, काही गेली ती गेलीच. पिढ्यान्‌पिढ्या हातात मुरलेले काम निघता निघता काही आठवड्यांत शिकवून होत नाही, हे कोणताही मिस्त्री सांगेल.

ओमानातही मुलाचे वय वाढते तशी चांदीची जागा बदलते. साधारण सात-आठ वर्षांचा झाला की पायांतले वाळे, हातांतली घुंगरे, गळ्यातल्या चकत्या उतरतात. त्या त्याच्या धाकट्या भावंडांकडे जातात किंवा मोडीत जातात. आता त्याचा वेष बापाच्या वेषाची लहान आवृत्ती होतो. अंगात दिशदाशा नावाचा पायघोळ झगा, त्याच्या गळ्याशी अत्तर लावायचा लहानसा गोंडा; डोक्यावर कुम्मा, म्हणजे बारीक टाक्यांची भरलेली टोपी, अथवा मोठ्या प्रसंगी काश्मिरी लोकरीचे भरतकाम केलेले मसर हे पागोटे; आणि कमरेला त्याच्या मापाचा लहान खंजर. आपल्या 'खंजीर' शब्दाचे हेच माहेर.

ओमानी खंजराचे पाते एवढे वाकते की म्यान जवळजवळ काटकोनात वळते. मुठीला 'कर्न' म्हणजे शिंग म्हणतात, कारण उत्तम मूठ शिंगाची असे. म्यानाचा वरचा भाग म्हणजे 'सद्र', छाती. त्यावर कोरीव चांदी. खालच्या भागावर चांदीच्या तारांचे विणकाम. म्यानाला चांदीच्या कड्या असतात आणि त्यांतून चांदीच्या तारेने विणलेला पट्टा ओवतात. प्रौढ पुरुषाच्या सरंजामात काटा काढण्याचा चिमटा आणि सुरम्याची नळी याही चांदीच्या असत. वाळवंटात अनवाणी चालणाऱ्याला काट्याचा चिमटा ही चैन नव्हे. मुलाच्या वाट्याला यांतले थोडे-थोडे येई.

इथे चांदीचा अर्थ पालटतो, हे ध्यानात घ्यावे. तान्ह्या मुलाची चांदी त्याचे रक्षण करी. आता कमरेला चांदी आली ती त्याने दुसऱ्याचे रक्षण करावे म्हणून. वाळा आईने बांधलेला, खंजर बापाने बांधलेला. वाळ्याचा अर्थ 'हा जगो' आणि खंजराचा अर्थ 'हा जगला'. ज्या देशात पुष्कळ मुले सात वर्षांपर्यंत पोचतच नव्हती, तिथे हा दुसरा दागिना बांधताना घरात केवढा आनंद होत असेल!

मग ही वाळ्याची चांदी गेली कुठे? १९७० सालापर्यंत ओमान जगापासून तुटलेला होता. साऱ्या देशात तीन शाळा आणि त्यांत नऊशेच्या आसपास मुलगे. पक्का रस्ता म्हणाल तर सुमारे दहा किलोमीटर. नाणी म्हणून मारिया तेरेसा आणि भारतीय रुपया दोन्ही चालत. आपल्या रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी खास नोटा काढल्या होत्या. त्या काळी जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे दोनशे पाच वर्षांच्या आत दगावत. १९६७ मध्ये तेलाची निर्यात सुरू झाली, १९७० मध्ये राज्यकर्ता बदलला, दवाखाने आले, लस आली, नळाचे पाणी आले. आज बालमृत्यूचा तोच आकडा हजारी दहाच्या आसपास आहे.

पुष्कळ लेखक म्हणतात की, तेलाचा पैसा आला, बायकांना सोन्याची आवड लागली आणि चांदी मागे पडली. स्त्रियांच्या दागिन्यांपुरते ते खरे आहे. पण मुलाच्या अंगावरची चांदी उतरली त्याचे मोठे कारण मला वेगळे वाटते. जिच्याशी सात करार करावे लागत होते त्या उम्म अस्-सिब्यानचा पराभव परिचारिकेच्या सुईने केला. भय ओसरले तसा वाळा उतरला. आणि माझ्या म्हणण्याला एक पुरावा आहे: खंजर उतरला नाही. तो भयाचा दागिना नव्हता, मानाचा होता. ईदेच्या दिवशी आणि लग्नकार्यात ओमानातील लहान मुले आजही कुम्मा घालून, कमरेला छोटा खंजर लावून मिरवतात. तो देशाच्या ध्वजावर आहे, आणि २०२२ साली युनेस्कोने खंजराचे कारागिरीसह जे स्थान आहे त्याची मानवजातीच्या वारशात नोंद केली.

म्हणून वाळा गेला याबद्दल मी रडणार नाही. मूल जगावे आणि ताईत मोडीत जावा, हा सौदा कोणतीही आई आनंदाने करील. जुने ते सारे सोने म्हणून पुन्हा गळ्यात डब्या बांधा, असे सांगणारा मी नव्हे. मला खेद आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. टोपलीभर वाळे, कडी, चकत्या बाजारात आल्या आणि किलोच्या भावाने वितळल्या. बाई वारली की तिचे दागिने मोडायचे आणि नवरीला नवे घडवायचे, अशी चालही होतीच. त्यामुळे शंभर वर्षांपलीकडचा दागिना विरळा. जे थोडे वाचले ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियमसारख्या ठिकाणी काचेच्या कपाटात बसले. तेथे कपाटावर गावाचे नाव असते, धातूचे नाव असते, गोळा करणाऱ्याचेही नाव असते. घडवणाऱ्याच्या जागी बहुधा काहीच नसते. मत्राहचा दुकानदार हसला. म्युझियम हसत नाही, एवढाच फरक.

इतिहास म्हणजे राजांच्या सनावळ्या नव्हेत, हे आता आपण सर्वजण मानतो. पण वस्तूंचा इतिहास लिहितानाही आपण पुन्हा ती कोणी घातली एवढेच विचारतो. मुलाने घातली, आईने बांधली, बापाने नाणी दिली. भाता कोणी ओढला? तार ओढताना कोणाची बोटे कापली? मुशीच्या धुराने कोणाचे डोळे गेले? हे प्रश्न विचारल्याशिवाय दागिन्याचा इतिहास पुरा होत नाही. आणि हे अरबस्तानापुरते नाही. आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात हुपरीला घरोघर चांदीचे पैंजण घडतात. तुमच्यापैकी कितीकांच्या घरी ते असतील. घडवणाऱ्या एका तरी कारागिराचे नाव आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहे?

शेवटी एकच सांगतो. त्या मारिया तेरेसाच्या नाण्याच्या कडेवर लॅटिन भाषेत एक ब्रीद कोरलेले आहे. त्याचा अर्थ, 'न्याय आणि दया'. अरबस्तानातील सोनाराला लॅटिन येत नव्हते, मुंबईच्या टाकसाळीतल्या मजुरालाही येत नव्हते. पण ज्या क्षणी नाणे मुशीत जाई त्या क्षणी ती अक्षरे प्रथम वितळत, आणि त्यांतून एखाद्या लेकराच्या पायांतला वाळा होई. दया त्यातून पुष्कळ झाली, असे मी म्हणेन. आईची दया, तिच्या परीने. न्याय मात्र अजून व्हायचा राहिला आहे. पुढच्या वेळी एखादा जुना दागिना हातात घ्याल तेव्हा वजनाआधी एकदा विचारा, कोणी घडवला? उत्तर मिळणार नाही कदाचित. पण प्रश्न ऐकून कोणी हसू नये, इतके तरी आपण करू शकतो.